आज सहा वेळा पास

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी.

नातीने, म्हणजे निदाने, फोन असा करून दिला की आपण बोलायचं आणि त्याने लिहायचं. दादी, युअर डायरी, म्हणाली. मला वाचता येत नाही. म्हणजे ही डायरी माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.

कालची हकिगत. कचरा टाकायला खाली गेले, दार मागे लागलं, चावी आत. मुलगा रहमान लांब दुखानच्या तेलविहिरींवर ड्यूटीला, सून रिफत क्लिनिकात, निदा शाळेत. तीन तास या आखाती उन्हात बिल्डिंगखाली. पण मी काही ताटकळले नाही. तळमजल्याची ऑर्लीन जमैकाची, नर्स, रात्रीची ड्यूटी, दिवसा घरी. तिने खुर्ची दिली, आल्याचं काहीतरी प्यायला दिलं, आणि पुढ्यात डॉमिनोचा डबा उपडा केला. मला मामा म्हणते. मी कुणाची मामा? पण तिच्याकडे आईला म्हणत असतील. चालवून घेतलं.

रहमानने रात्री तोंड सोडलं. अम्मी, मागल्या आठवड्यात दूध उतू, आज चावी, तू दिवसभर एकटी, असं कसं चालायचं. व्हिसा दहा जानेवारीपर्यंत. मग परत गावी, दाभोळला, भावाच्या मुलाकडे, जाफरकडे. नाहीतर इथे राहायचा मोठा व्हिसा करावा लागेल. घर रिफतचंही आहे, ती हो म्हणाली तर पेपर टाकतो, म्हणाला.

म्हणजे माझं राहणं सुनेच्या जिभेवर. हरकत नाही.

ठरवलं ते असं. एक, सुनेपुढे हात पसरायचे नाहीत. दोन, मी एकटी नाही हे दाखवून द्यायचं. तीन, डॉमिनो. महिन्याभरात चॅम्पियन.

७ नोव्हेंबर. संध्याकाळी, मगरीबच्या नमाजनंतर.

पार्किंगच्या शेडखाली टेबल. समोरासमोर बसतात ते पार्टनर. ऑर्लीन आणि तिचा नवरा देलरॉय एकीकडे. देलरॉय क्रेन चालवतो, हात क्रेनएवढेच. सोंगटी ठेवत नाही, आपटतो. कप उडतो.

सोंगट्या अठ्ठावीस, प्रत्येकाला सात. प्रत्येक सोंगटीला दोन बाजू, बाजूवर कोऱ्यापासून सहापर्यंत ठिपके. ओळीच्या टोकाच्या ठिपक्याला ठिपका जुळवायचा. आधी ज्याच्या सोंगट्या संपल्या त्याची जोडी जिंकली. पार्टनरशी बोलायचं नाही, डोळा मारायचा नाही, खोकायचंसुद्धा नाही. त्याने काय टाकलं यावरून ओळखायचं त्याच्याकडे काय आहे.

अक्षर एकही नाही. नुसते ठिपके. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापुढे काही ठेवलं आणि मी ते वाचलं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

चौथा माणूस मिळेना. रिफत मला जेवायला बोलवायला खाली आली, ऑर्लीनने तिला दंडाला धरून माझ्यासमोर बसवलं. म्हणजे माझी पार्टनर रिफत. घरात आम्ही मिठाच्या बरणीपुरतं बोलतो. इथे बोलायला बंदीच. माझ्या सोयीचा खेळ.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

आज सहा वेळा पास!

जमत असेल ती सोंगटी लावायची. नसेल तर टेबलावर दोन टकटका आणि म्हणायचं पास. आमच्या गावी मुली शाळेत जात नव्हत्या, माझे भाऊ गेले आणि दोघेही नापास. मी एका संध्याकाळी सहा वेळा पास. ऑर्लीन पोट धरून हसत होती. आनंद तिलाही झाला.

आम्ही सगळे डाव हरलो. त्याला कारण रिफत. ती एकदाही पास झाली नाही.

१५ नोव्हेंबर.

निदाला पासचं सांगितलं. म्हणाली, दादी, पास इज बॅड, पास म्हणजे यू हॅव नथिंग. म्हटलं, तुझ्या शाळेत असेल तसं. पोरीला जळायला कारण लागत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

आज फक्त दोनदा पास. तब्येत बरी नव्हती.

रिफत पहिल्यापासून सहा टाकत होती. एका टोकाला सहा, दुसऱ्याला पाच. माझ्या हातात सहा-दोन आला, मी दणक्यात लावला, एक सहा बंद. पुढच्या खेपेला तिने लावलेला दुसरा सहाही बंद. सुनेने एवढं ठासून काही मांडावं आणि सासूने बघत बसावं, हे आमच्यात नाही.

लिफ्टमध्ये रिफत म्हणाली, अम्मी, माझ्याकडे चार सहा होते, मी वाट उघडी ठेवत होते, तुम्ही बंद का केलीत? म्हटलं, माझ्या हातात होता म्हणून. म्हणाली, दुसरी सोंगटी नव्हती? होती. तीन होत्या. पण मी म्हटलं, नव्हती.

तिसरा मजला आला.

२२ नोव्हेंबर.

देलरॉय भेटला पाण्याचे कॅन आणताना. एक बोट माझ्याकडे, एक बोट वर आमच्या मजल्याकडे, मग दोन्ही बोटं जुळवली, म्हणाला, मामा, पार्टनर, पार्टनर. मीही दोन बोटं दाखवली. जिंकल्याची खूण असते ती. बिचारा खूश झाला असेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.

पास म्हणजे काय ते कळलं. रहमान खाली उभा राहून बघत होता, त्यानेच फोड करून सांगितलं, तेही सगळ्यांसमोर, मोठ्याने. अम्मी, पास म्हणजे तुझ्याकडे लावायला काही नाही, पाळी गेली. मी म्हटलं, ठाऊक आहे मला, पहिल्या दिवसापासून. मग आनंदाने का ओरडतेस, म्हणाला. म्हटलं, हरताना रडू काय?

रिफतने मान खाली घातली. हसत होती बहुतेक. मी बघितलं नाही.

एक डाव जिंकलो. रिफतने शेवटची सोंगटी आपटली, ऑर्लीनचा कप उडाला. रहमान म्हणाला, शाब्बास रिफत. मलाही म्हणायला हवं होतं. सासूला नसतं कुणी म्हणत.

ठरवलं: पुढल्या शुक्रवारी शेवटची सोंगटी माझी. रहमानच्या डोळ्यांदेखत.

५ डिसेंबर, शुक्रवार.

शेवटची सोंगटी माझी नव्हती. मुळात माझ्या हातात पाच उरल्या.

घरात व्हिसाचं कुणी काढत नाही. रिफत हो म्हणाली का, रहमानला विचारलं. म्हणाला, तू तिला विचार ना, अम्मी, एकाच स्वयंपाकघरात असता. म्हटलं, विचारायचं कशाला, तिला दिसत नाही का? म्हणाला, काय दिसायला हवं? म्हटलं, माझी प्रगती.

१० डिसेंबर. दुपार.

घरी एकटी. अठ्ठावीस सोंगट्या ऑर्लीनकडून आणल्या, चारी बाजूंनी मीच खेळले. जिंकले. रिफतच्या जागेवर बसून खेळले तेव्हा कळलं की समोरून किती त्रास होतो. एवढंच. जास्त बोलायचं नाही याच्यावर.

दूध उतू गेलं. पुसलं. कुणाला कळलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

रिफतला कळलं. शेगडीखाली गेलं होतं. काही बोलली नाही, गरम पाण्याने पुसून काढलं. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. चांगलं उत्तर तयार होतं.

खेळात तीन डाव जिंकलो! मी सुनेचा एकही ठिपका बंद केला नाही. बंद करायला सोंगट्याच नव्हत्या.

१९ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी.

काल इथला नॅशनल डे, सुट्टी, रस्त्यावर झेंडे लावलेल्या गाड्या. रिफतने मला पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं, ओढणी सारखी केली, म्हणाली, अम्मी, हसू नका, फोटो सरकारी आहे. खटाखट चार काढले. मग माझा पासपोर्ट मागून घेतला. कशाला, विचारलं नाही. तिकिटाला पासपोर्ट लागतो एवढं मला कळतं.

म्हणजे ठरलं त्यांचं. आता एकच उपाय. आज देलरॉयला ड्यूटी, खेळ नाही. पुढल्या शुक्रवारी जिंकायचं.

नाश्ता गेला नाही. उपमा होता, त्यात मोहरी जास्त. म्हणून.

२६ डिसेंबर, शुक्रवार.

यांच्यात सहा डाव ओळीने जिंकले की समोरच्याची लाज गेली असं समजतात. सिक्स लव्ह म्हणतात. लव्ह म्हणजे शून्य, रहमान म्हणाला. नाव चांगलं शोधलंय.

पाच हरलो होतो. सहावा डाव. रहमान माझ्यामागे उभा, निदा खुर्चीच्या दांडीवर, वरच्या मजल्याचे दोघं गॅलरीत.

रिफतकडे एक सोंगटी उरलेली. मला ठाऊक होतं, तिच्यात तीन आहे. सगळा डाव ती तीनच लावत होती. देलरॉयकडे तीन नाही, दोन्ही टोकांना तीन होते तेव्हा तो पास झाला होता. टेबलाच्या एका टोकाला पाच, एकाला एक. माझ्या हातात पाच-तीन आणि डबल पाच. पाच-तीन लावला की टोक तीनचं. देलरॉय ते बंद करू शकत नाही. मग रिफत आपटते, संपलं, लाज राहिली.

सगळं स्पष्ट दिसत होतं. मला वाचता येत होतं.

मग वाटलं, पुन्हा शाब्बास रिफत. आणि उद्या तिकीट.

टेबलावर दोन टकटका मारल्या. म्हटलं, पास.

देलरॉयने एकवर चार लावला. रिफत पास. ऑर्लीनने शेवटची सोंगटी ठेवली, आपटली नाही, हळू ठेवली, कारण तिला माझ्या चेहऱ्यावरून काही कळलं असावं. नियम असा की शेवटी सगळ्यांनी हात उघडायचे. माझे उघडले. पाच-तीन. डबल पाच. देलरॉय म्हणाला, मामा, नो, नो, नो. लावायची सोंगटी असताना पास म्हणणं यांच्यात फाउल. चोरीसारखंच.

रिफतने तिची सोंगटी उताणी केली. तीन-कोरा. मग म्हणाली, जिंकलो असतो ना, अम्मी.

मी म्हटलं, दिसलं नाही गो. चष्मा बदलायला हवा.

माझा चष्मा ऑगस्टमध्ये बदललाय. तिनेच नेलं होतं.

२७ डिसेंबर, शनिवार. सकाळी.

रिफत चहा देताना म्हणाली, अम्मी, संध्याकाळी जरा बसू या तिघं, तुमच्याबद्दल बोलायचं आहे.

बोलायचं काय असतं ते मी जाणते. मला सुनेने सांगावं, जा म्हणून? आणि मी ऐकावं? कधी नाही. तिच्याआधी मीच सांगणार. रुबाबात.

२७ डिसेंबर. संध्याकाळी.

सांगितलं.

रहमान टीव्ही बंद करतोय, रिफतच्या मांडीवर फाइल, ती तोंड उघडणार इतक्यात मी म्हटलं, मला इथे करमत नाही. इथे माणूस नाही, माती नाही, चार भिंती आणि एसी. माझं तिकीट काढा. जानेवारी कशाला, आठवड्याभरात काढा.

रहमान म्हणाला, अम्मी, पण. म्हटलं, पण नाही, खलास.

रिफत म्हणाली, नक्की का? म्हटलं, नक्की. परत म्हणाली, अम्मी, तुम्हाला स्वतःलाच जायचं आहे? म्हटलं, मग काय कुणी हाकललंय?

तिने फाइल मिटली. आत गेली. किती वेळ नळाचा आवाज येत होता.

मी जिंकले. एकही शब्द तिला बोलू दिला नाही.

२९ डिसेंबर, सोमवार.

निदा फाइल घेऊन आली. म्हणाली, दादी, युअर फोटो इज सो फनी. वरती माझा फोटो चिकटवलेला, न हसणारा. खाली दोन ठिकाणी सही. एक रहमानची, ती मी ओळखते, साप काढतो. दुसरी कुणाची, विचारलं. मम्मा, म्हणाली. हे काय लिहिलंय, विचारलं. निदाने बोट ठेवून सावकाश वाचलं, इंग्रजीतून, मग मराठी शोधत शोधत सांगितलं. तू आमच्याजवळ राहणार, त्याचा पेपर. तारीख अठरा.

अठरा म्हणजे नॅशनल डे. ज्या दिवशी फोटो काढला.

मी म्हटलं, ठेव जाग्यावर.

३० डिसेंबर.

रिफतला सांगायचं ठरवलं. सकाळी ती घाईत. दुपारी ती क्लिनिकात. संध्याकाळी निदाचा अभ्यास. रात्री तिचं डोकं दुखत होतं. उद्या नक्की.

३१ डिसेंबर.

उद्या.

२ जानेवारी, शुक्रवार.

खाली गेले नाही. ऑर्लीन वर आली, एक पिशवी देऊन गेली. तिच्याकडचा केक, काळा, जड. म्हणाली, मामा, कम बॅक. मी म्हटलं, इन्शाल्ला. तिला हे कळतं.

रहमान म्हणाला, तिकीट रविवारचं. मी त्याला म्हटलं, रद्द होतं का ते? म्हणाला, का गं? म्हटलं, सहज, माहितीसाठी. रिफत तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती, माझ्या. हात थांबला तिचा. माझ्याकडे बघितलं. बोलायची पाळी माझी होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी म्हटलं, ती निळी साडी वर ठेव, चुरगळते.

६ जानेवारी, मंगळवार. दाभोळ.

पोहोचले. जाफरने रिक्षा आणली होती. गुडघे ठीक.

जाफरची मी आत्या, फुफू; त्याची बायको अजरा पाय चेपत बसली. चांगली आहे पोर, चौकस जरा. म्हणाली, फुफू, तुम्हाला तिकडे राहू नाही दिलं का त्यांनी?

म्हटलं, दिलं होतं गो.

मग, म्हणाली.

म्हटलं, चहा ठेव.