मशीन चंद्रभागाकडे आहे

आई,

कपाटात साखर तपासायचं मशीन दिसलं नाही तर घाबरू नकोस. मीच नेलंय. माझी सकाळची साखर १३२ आली, इंजेक्शन घेतलं, पोळी-भाजीही खाल्ली.

मोठागावची चंद्रभागा आठवते ना, दवाखान्यात माझ्या शेजारी बसते ती कोळ्यांची मुलगी? तिलाही माझ्यासारखाच डायबेटिस आहे, पण मामासारखं अमेरिकेहून मशीन पाठवणारं तिला कोणी नाही. ती अजून लघवी निळ्या औषधात उकळून रंग बघते. आठवडाभर दुपारी तिला दरदरून घाम येतोय, हात कापतायत. रंग मात्र निळाच, म्हणून घरचे निर्धास्त. "साखर नाय, पोरगी बरी हाय!"

काल तुला न विचारता मशीन घेऊन तिच्याकडे गेलेले. बोटाचं रक्त तपासलं तर साखर फक्त बेचाळीस! लघवीत वाढलेली साखरच कळते, इतकी उतरलेली नाही. लगेच ग्लुकोजचं पाणी पाजलं. दहा मिनिटांनी बाईसाहेब हसून म्हणतात, "कुंदे, मना वाटलं बारावीची भीती हाय!"

डॉक्टर म्हणाले, आज चार वेळा तपासून आकडे आणा, मग तिचं इंजेक्शन कमी करतो. मशीनच्या पट्ट्या जपून वापरायच्या असतात, कळतं मला. तरी आज चार तिच्या.

संध्याकाळी ती आणि तिची आई आपल्याकडे येतायत. काय रागवायचं ते त्या गेल्यावर रागव. मशीन तूच पाठवलंस असं मी सांगितलंय, आणि तिच्या आईने तुझ्यासाठी सगळ्यात मोठी कोळंबी बाजूला काढलीय.

कुंदा