कडू संत्र्यांना बंदी

प्रिय थेल्मा,

तुझा कडू संत्र्यांचा मुरंबा पोचला. बरण्या विल्फने लगेच मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवल्या. हल्ली तो टोस्टही तिथेच जाऊन खातो, थंडीत कुडकुडत, मला वास येऊ नये म्हणून. एवढं प्रेम त्याने लग्नाच्या वर्षीसुद्धा दाखवलं नव्हतं!

कारण ऐक. माझ्या रक्ताच्या कॅन्सरवर इतकी वर्षं औषध न देता नुसती नजर ठेवली होती, तुला माहीतच आहे. शेवटी मानेवर गाठी आल्या, तेव्हा डॉक्टरांनी औषधांच्या नव्या चाचणीत येता का विचारलं. काहींना एक औषध, काहींना दोन एकत्र. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. मला दोन आली. एक त्या पेशींना वाढू देत नाही, दुसरं त्यांना मारतं. दोन्ही मिळून जास्त गुण येतो की नुसताच जास्त त्रास होतो, हेच त्यांना बघायचं होतं. घाबरले होते गं मी.

ग्रेपफ्रूट खायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी कशाला खातेय! पण पुढे हातांवर निळेजांभळे डाग उठले, पोट बिघडलं. ब्रोना म्हणून आयरिश नर्स आहे, भलती फटकळ. तिने विचारलं, "सकाळी काय खाता?" म्हटलं, "टोस्ट-मुरंबा. दुसरं काय खाणार माणूस?" तिने कपाळावर हात मारला. "अहो बाई, कडू संत्री ग्रेपफ्रूटसारखीच! औषध अंगात साठत चाललंय तुमच्या!" मी म्हटलं, "मुरंबा फळ कधीपासून झाला? तो नाश्ता आहे!" डॉक्टरसुद्धा हसले, पण औषधं थांबवली. आता चाचणीतून काढतात की काय, या धास्तीने मला काही सुचेना. औषधं पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी ब्रोनाला मिठीच मारली.

आता गाठी गेल्या. मंगळवारी डॉक्टर म्हणाले, रक्तात आजार शोधूनही सापडत नाही. औषधं बंद करून बघू. विल्फ रडला. कांदा चिरत होतो म्हणाला. हातात वर्तमानपत्र होतं.

पण पत्र त्यासाठी नाही. रविवारी फोनवर तू सहज बोलून गेलीस, गुडघ्याच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी जरा जास्त निघाल्या, वयाने होतं म्हणे. थेल्मा, माझंही अगदी असंच सुरू झालं होतं. एका बहिणीला हा आजार असला की दुसरीलाही होऊ शकतो. ब्रोनाला मुद्दाम विचारलं मी. काही नसेलही. फोनवर बोलले असते तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहिलं. डॉक्टरांची वेळ घे, मला तुझ्यासोबत यायचंय. शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. भांडायचं असेल तर स्टेशनवरच भांडून घे.

तुझीच,
एव्हरिल