काळ्या पट्ट्या

सोमवार, १२ सप्टेंबर. न्यूहेवन, बोटीच्या रांगेत

पहिल्याच दिवशी डोकं फिरलं. सहा महिने आधीपासून सांगतेय क्लिफला, दिव्यांच्या पट्ट्या घरीच लाव, अंगणात, निवांत. नाही! साहेब इथे धक्क्यावर गुडघे टेकून बसलेत, मागे पन्नास गाड्या. पट्ट्यांसोबतच्या माहितीच्या कागदावर आमच्या व्हॅनचं नावच सापडेना. शेवटी कळलं की मोटरहोमचं नाव बघायचंच नसतं, ते ज्या गाडीवर बांधलंय तिचं बघायचं. चौतीस वर्षं कीथलीत बस चालवलेल्या माणसाला हे ठाऊक नको?

वर मलाच व्याख्यान. "अगं आयलीन, आपला झोत डाव्या कडेला उचललेला असतो. तिकडे फ्रान्समध्ये उजवीकडून चालवायचं म्हणजे तोच झोत समोरच्याच्या डोळ्यांत. तेवढा तुकडा झाकला की झालं."

झाकला म्हणे. वाकडा झाकला. मी समोरून पाहिलं, स्वच्छ दिसत होतं वाकडा आहे ते. "सरळ आहे," म्हणाला.

ही नवी वहीही मेली फसवी. रेघा इतक्या फिकट की अक्षर वर-खाली जातंय.

मंगळवार, १३ सप्टेंबर. रुआँच्या अलीकडे

पाऊस. दुपारीच अंधारून आलं, सगळ्यांचे दिवे लागलेले. आणि समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला दिवे मारतोय! प्रत्येक जण! या देशात माझी डावीकडची खुर्ची नेमकी रस्त्याच्या मधल्या बाजूला. त्यामुळे सगळ्यांच्या शिव्या माझ्याच तोंडावर. मान खाली घालून स्तोत्र म्हणत बसले.

"क्लिफ, लोक दिवे मारतायत."

"कोण मारतंय?"

"सगळे! आंधळा आहेस का?"

त्याने वायपरचा वेग वाढवला. त्याचं हे असं टाळणं मला शिवीपेक्षा लागतं.

बुधवार, १४ सप्टेंबर

पट्ट्या काढून पुन्हा लावल्या. पुन्हा वाकड्याच.

गुरुवार, १५ सप्टेंबर. दिनानजवळ, तळावर

आज देवाने वाचवलं. देवाने, क्लिफने नव्हे.

धुकं होतं. पुढे गवताने भरलेला ट्रॅक्टर. उजव्या खुर्चीवरून क्लिफला पुढचं दिसत नाही, म्हणून वाकून बघायचं आणि सांगायचं काम माझं. मी बघितलं. "मोकळं आहे, काढ," म्हटलं. त्याने काढली, आणि समोर ट्रक! क्लिफने व्हॅन अशी आत घेतली की कपाटातली सगळी भांडी खाली. माझा किटलीवरचा लोकरी टोप दाराशी, बुटांच्या चिखलात.

मी "मोकळं" म्हटलं तेव्हा मोकळंच होतं! यालाच निघायला उशीर झाला. हात जड झालेत त्याचे, डोळे गेलेत. एकाहत्तराव्या वर्षी माणसाने कबूल करायला नको का? तोंडावर सांगितलं मी त्याला. भांडी उचलत होता. म्हणाला, "एकही फुटलं नाही बघ, तुझं नशीब."

विनोद सुचतो याला!

शुक्रवार, १६ सप्टेंबर

आता तो मला विचारतच नाही. "बघ गं जरा" नाही की काही नाही. एका सायकलस्वाराच्या मागे अर्धा तास! मागचे भोंगे वाजवतायत. मी म्हटलं, मला सांगायला तोंड आहे. म्हणाला, "घाई काय आहे?"

दुकानासमोरच्या फोनवरून हिलरीला सांगून टाकलं. पोटच्या पोरीकडे नवऱ्याची चहाडी करायची पाळी आली. "मॉम, तुझी खात्री आहे ना? डॅडची व्हॅन म्हणजे जीव आहे त्यांचा." खात्री! मी शेजारी बसतेय. म्हणाली, घरी या, मग चाव्या मी घेते.

त्याच्या जिवाचं पोरीला पडलंय. माझ्या जिवाचं कुणाला?

सोमवार, १९ सप्टेंबर. घरी

संध्याकाळी पोचलो. न्यूहेवनला उतरल्या उतरल्या क्लिफने पट्ट्या खरवडून काढल्या, काच केरोसिनने पुसली, आणि निघालो आपल्या डाव्या बाजूने. लेस्टरच्या पुढे पाऊस लागला. आणि काय सांगू, इथेही समोरचे दिवे मारतायत!

"घे! आता पट्ट्याही नाहीत. आता कुणावर ढकलशील?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग व्हॅन चहाच्या थांब्यावर घेतली, माझ्यासमोर साखर ठेवली आणि म्हणाला, "तो फळा वाच गं, सूप कुठलं आहे?" मी म्हटलं, तूच वाच, तेवढं तरी दिसतं का बघू. त्याने वाचलं. टोमॅटोचं.

मंगळवार, २० सप्टेंबर

हिलरी आली. मला वाटलं होतं भांडण होईल, तयारीत होते. क्लिफने चाव्या किटलीशेजारी ठेवल्या. "घे पोरी." एवढंच. हिलरी रडली. मी नाही. मला रागच आला. निदान भांडायचं तरी!

पडदे धुवायला म्हणून व्हॅनमध्ये गेले, तर त्याची टोपी स्टिअरिंगवर अडकवलेली. तशीच ठेवली.

रविवार, २५ सप्टेंबर

चॅपेलमध्ये कुणी तरी काटकसरीचे दिवे बसवलेत. काटकसर मलाही कळते, पण भजनाच्या पुस्तकातलं अक्षर तरी दिसायला हवं! प्रवचन कुसळ आणि मुसळावर. क्लिफला कोपराने ढोसलं.

परतताना म्हणाला, "गुरुवारी चष्मेवाल्याकडे दोघांची वेळ घेतलीय." मी म्हटलं, स्वतःपुरती घे, माझा चष्मा चांगला आहे, अकरा वर्षं टिकलाय. "चल गं, मला सोबत म्हणून." शेवटी कबूल केलंन तर!

गुरुवार, २९ सप्टेंबर

क्लिफने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. तिच्याखाली छापखान्याचं बारीक नाव होतं, तेही वाचलं. मग मी बसले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरून दिवा आला की तो फुटून पसरतो, भगभगतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धुक्यात तर काहीच दिसत नसणार.

कुणीच दिवे मारत नव्हतं.

बसमध्ये विचारलं, कधी कळलं तुला? "ट्रकच्या वेळी शंका आली. लेस्टरपुढे खात्री."

मग चाव्या कशाला दिल्यास, मूर्खा?

"तू रागावलेली मला झेपतेस गं. घाबरलेली नाही झेपत."

हिलरीला फोन केला. नंबर क्लिफने फिरवून दिला. चाव्या घेऊन ये, म्हटलं. का ते तिने विचारायच्या आत फोन ठेवून दिला.

या वहीच्या रेघा फिकट नाहीत. क्लिफला विचारलं.