लाल किटली

११ मे, रविवार

आज जाहीर केलं. लेकीला गाडी माझीच. घरात शांतता पसरली. ती मी कृतज्ञतेची समजतो.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, पुढेमागे मलाच उपयोगी पडेल. लेक फिजिओथेरपिस्ट झाली. डोंगराकडच्या आरोग्य केंद्रात नोकरी लागली. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही त्यांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे, म्हणून गाडी हवी. मेहुणा (बायकोचा धाकटा भाऊ, बाजारात काहीही नवीन आलं की आधी याच्या दारात) लगेच म्हणाला, माझी जुनी घेऊन जाऊ दे. त्याची 'जुनी' म्हणजे परवाची. मी म्हणालो, माझी लेक बापाच्या गाडीतून जाईल. वाक्य चांगलं जमलं. बायको म्हणाली, गाडी पोरीच्या पाठचीच आहे, निदान एकदा तिला दवाखाना दाखवा.

संध्याकाळी तपासणीसाठी एक फेरी मारली. चौकात सिग्नलला उभा असताना डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. ॲक्सिलरेटर दाबला. गेला. प्रश्न मिटला.

१२ मे, सोमवार

दिवा पुन्हा. चित्र किटलीचं, नळीच्या टोकाला एक थेंब. बायको शेजारी बसली होती. म्हणाली, चहाला थांबा म्हणतेय का? मी समजावलं की ही ऑइलची किटली, इंजिनात ऑइलचा दाब कमी झाला की लागते. तिने विचारलं, मग झालाय का कमी? मी म्हणालो, तो वेगळा विषय आहे.

मी विमा कंपनीत गाड्यांचेच क्लेम बघतो. निष्काळजी लोकांचे क्लेम नाकारण्यात हयात गेली. दिव्यांबद्दल मला कुणी शिकवू नये. पिवळा दिवा म्हणजे विनंती. लाल म्हणजे आग्रह. आणि आग्रहाला मी सहसा बळी पडत नाही.

सिग्नलला यापुढे पाय ॲक्सिलरेटरवरच ठेवायचा. आज पुढचा स्कूटरवाला दोनदा मागे वळून बघत होता.

१३ मे, मंगळवार

लेकीचा वर्ग घेतला. लायसन्स आहे तिच्याकडे, पण लायसन्स म्हणजे ज्ञान नव्हे. सांगितलं की किल्ली अर्धी फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. सगळे दिवे एकदम लागतात. ही हजेरी. मग इंजिन चालू केलं की एकेक जण गप्प होतो. जो गप्प होत नाही त्याची तक्रार आहे, आणि जो हजेरीलाच नाही तो सगळ्यात वाईट, कारण उद्या तक्रार असली तरी तो सांगणार नाही.

ती मोबाइलमध्ये बघत होती. ऐकतेस का, विचारलं. हो म्हणाली. ऐकत नव्हती. या घरात माझं कुणीच ऐकत नाही.

इंजिन चालू केल्यावर किटली जरा रेंगाळली. मी पटकन तिला खिडकीबाहेर एक दुर्मीळ पक्षी दाखवला. पक्षी नव्हता.

१५ मे, गुरुवार

ऑइल स्वतः तपासलं. घरासमोरच्या उतारावर, गाडीच्या नेहमीच्या जागी. पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत! म्हणजे दिवाच खोटारडा. वय झालं की कुरकुरायची सवय लागते. माझ्या सासऱ्यांना होती.

बायको म्हणते, गॅरेजला दाखवा. गॅरेज नेमकं मेहुण्याच्या दुकानासमोर. आपण बॉनेट उघडायचा अवकाश, तो रस्ता ओलांडून हजर होईल, आणि मग चारचौघांत त्याची ती 'परवाची जुनी' निघेल. नको. रविवारी तो निरोपाला येणार आहे, गाडी चालवून बघणार म्हणालाय. त्याच्यासमोर किटली लागता कामा नये. मुख्य मुद्दा हा आहे.

१७ मे, शनिवार

सकाळी: किटलीवर काळी चिकटपट्टी लावली. बायकोने विचारलं, हे काय? म्हणालो, ऊन चमकतं डोळ्यांत. म्हणाली, तिथून? पट्टी काढली.

दुपारी: बल्बच काढला. डॅशबोर्ड उघडणं सोपं असतं. बंद करणं तितकं नाही. दोन स्क्रू उरले. कंपन्या उगाच जास्त लावतात. बल्ब शेंगदाण्याएवढासुद्धा नाही, आणि आठवडाभर नाकी नऊ आणले त्याने. आता माझ्या शर्टाच्या खिशात आहे.

मनाला जरा लागून राहिलंय. उन्हामुळे असावं.

१८ मे, रविवार

मेहुणा फेरी मारून आला. म्हणाला, भावोजी, मानलं तुम्हाला, एकही दिवा नाही! मी म्हणालो, मेंटेनन्स. मान ताठ झाली. कान मात्र गरम झाले, ते का कळेना.

लेक गाडीत बसली. किल्ली अर्धी फिरवली आणि तशीच बसून राहिली. डॅशबोर्डकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. काच खाली करून म्हणाली, बाबा, गाडीबद्दल मला काही सांगायचं राहिलंय का? मेहुणा माझ्या खांद्याला खांदा लावून उभा. मी म्हणालो, उतारावर न्यूट्रल करू नकोस. ती बरं म्हणाली आणि निघाली.

घर सोडताना मुली हळव्या होतात. बघण्यातच दिसत होतं.

२२ मे, गुरुवार

आजही फोन केला. गाडी कशी आहे? छान आहे म्हणाली. दिवाबिवा काही लागतो का (सहज विचारलं)? नाही म्हणाली, लागत नाही. मग म्हणाली, तुम्ही रोज फोन करताय, काही बोलायचं होतं का? मी म्हणालो, पाणी उकळून पीत जा.

बायको ऐकत होती. म्हणाली, हॉस्टेलला होती तेव्हा फीची तारीख आली की तिची आठवण यायची तुम्हाला, आता रोज फोन! पोरीवर एवढा जीव आहे हे कधी दिसू दिलं नाहीत. डोळे पुसले तिने. ताटात स्वतःहून दुसऱ्यांदा भाजी वाढली. मी ती ताटातच ठेवून उठलो.

२७ मे, मंगळवार

ऑफिसात एक फाइल आली. कुणी मास्तर आहेत. गाडीचं इंजिन जॅम. ऑइलचा दिवा लागत असताना चालवत राहिले. त्यांचं म्हणणं, घरी पट्टी बघितली होती, ऑइल भरपूर होतं. खाली सर्व्हेयरने लिहिलंय: गाडी उतारावर उभी करून बघितलं. पट्टी सपाट जागेवरच बघायची असते. उतारावर ऑइल एका बाजूला गोळा होतं आणि कमी असलं तरी भरलेलं दिसतं.

पुन्हा वाचलं. मग पाणी पिऊन पुन्हा वाचलं.

म्हणजे दिवा खरं बोलत होता. खोटं पट्टी बोलत होती, आणि पट्टीला खोटं बोलायला मी लावलं होतं. लेक त्या डोंगरात वळणावळणाने फिरतेय. चालत्या गाडीत इंजिन जॅम झालं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा लागतो. हे मला माहीत आहे. असल्या फायली मी रोज वाचतो. त्यातले फोटोही बघतो.

फाइलवर शेरा लिहायला घेतला. मालकाचा निष्काळजीपणा, दावा नामंजूर. हे वाक्य हाताला पाठ आहे. सही करवेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणालो, पंख्याचा वारा लागतोय. पंखा बंद होता.

२८ मे, बुधवार

आज सांगायचंच. वाक्य पाठ केलं: बाळा, गाडी चालवू नकोस, तिचा ऑइलचा बल्ब मी काढलाय. आरशासमोर छान आलं. 'मी'वर जरा अडखळतो, पण येतं.

फोन लावला. बाळा म्हणालो. बाळा असं मी तिला कितीतरी वर्षांत म्हटलं नव्हतं. म्हणाली, बोला ना बाबा, ऐकतेय मी. आणि खरंच ऐकत होती, श्वाससुद्धा ऐकू येत होता.

मी म्हणालो, बाळा, गाडी जास्त चालवू नकोस. पेट्रोल फार महाग झालंय.

ती बरं म्हणाली. नालायक माणूस. (मी. पेट्रोलवाला नव्हे.)

३० मे, शुक्रवार

दाढी करताना एकदम आठवलं. हजेरी! किल्ली अर्धी फिरवली की सगळे दिवे लागतात, हे मीच तिला शिकवलं. एक गैरहजर आहे हे तिच्या लक्षात आलं असेल तर? हनुवटीला कापलं.

मग शांतपणे विचार केला. ती मोबाइलमध्ये बघत होती. माझं कधी कुणी ऐकलंय, की ती ऐकेल? आयुष्यात पहिल्यांदा या गोष्टीचा आधार वाटला.

आधार फार टिकला नाही. दिवसभर फोन वाजला की उचलायला धजत नव्हतो. तिचा असेल म्हणूनही, आणि तिचा नसेल म्हणूनही.

१ जून, रविवार

योजना तयार. मंगळवारी रजा टाकून बसने जायचं. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. ती पेशंट बघत असेल तेव्हा बल्ब बसवायचा, ऑइल भरायचं (सपाट जागेवर), मग आत जाऊन म्हणायचं, सहज आलो होतो. कुणाला कळणार नाही, कुणाला दुखावणार नाही, आणि पोर सुखरूप राहील. विचार केला तर सांगण्यापेक्षा हे जास्त जबाबदारीचं आहे. सांगणं काय, कुणीही सांगेल.

ऑइलचा मोठा डबा आणला. बायकोला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. ती म्हणाली, भेटून येताय ना तिला? लपवता कशाला, बापच आहात. मी बॅग भरत राहिलो.

३ जून, मंगळवार

गेलो. घरी आलो. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

आरोग्य केंद्र लहानसं. व्हरांड्यात बाकडी. गाडी बाजूला पत्र्याखाली, धुतलेली. मी गुपचूप आत बसलो. बल्ब मुठीत. किल्ली अर्धी फिरवली.

सगळे दिवे लागले. किटलीसुद्धा. इंजिन चालू केलं. किटली शहाण्यासारखी गप्प झाली. बंद करून पुन्हा फिरवली. पुन्हा लागली, पुन्हा गेली. मी तिथेच बसून राहिलो, पायाशी ऑइलचा डबा घेऊन.

केंद्राच्या उघड्या खिडकीतून लेकीचा आवाज येत होता. एक आजोबा तिला सांगत होते, व्यायाम रोज करतो, दोन्ही वेळा, अगदी न चुकता. ती म्हणाली, हो का? छान. इतक्या मायेने म्हणाली की मलाही ते खरं वाटलं. आजोबा गेल्यावर ती कुणाला तरी म्हणत होती, एकही दिवस केला नाहीये त्यांनी, पण आता तोंडावर काय म्हणायचं त्यांना, या वयात.

मग बाहेर आली आणि मी दिसलो.

दचकली नाही. गाडीच्या दाराला टेकून उभी राहिली. मी काही विचारायच्या आत तिनेच सांगितलं, निघाले त्याच दिवशी हायवेला लागायच्या आधी गाडी गॅरेजला लावली होती. ऑइल गळत होतं, तळाशी थोडंच उरलं होतं. गळती काढून घेतली. दिव्याचा बल्बच नव्हता, तो नवा टाकला. मामा होता म्हणून दारात बोलले नाही.

म्हणजे पोर सुखरूप होती. पहिल्या दिवसापासून. मला हायसं वाटलं, खरंच वाटलं, पण ते जेमतेम क्षणभर. कारण मग ती म्हणाली, बल्ब कसा काय गेला असेल, बाबा?

विचारून थांबली. घाई नव्हती तिला. आसपास कुणी नव्हतं, मेहुणा नव्हता, बायको नव्हती. पायाशी डबा, मुठीत बल्ब. मूठ नुसती उघडायची होती. बोलायचीही गरज नव्हती.

मी म्हणालो, जुन्या गाड्यांत हादऱ्याने निसटतात कधीकधी.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हो का? निसटत असतील.

आजोबांशी बोलताना होता तोच आवाज. तीच माया. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. रागवायला समोरचा माणूस अजून सुधारेल असं वाटावं लागतं.

चहा पाजला तिने. डबा जड आहे, इथेच ठेवा, उपयोगी पडेल म्हणाली. स्टँडवर सोडायला आली, गाडी स्वतः चालवत, वळणं अगदी सफाईने घेत. मी शेजारी मूठ मिटून बसलो होतो. बस लागली तेव्हा म्हणाली, बाबा, पुढच्या सीटवर बसा, मागे हादरे फार लागतात.

पुढे जागा रिकामी होती. मी मागे जाऊन बसलो.