पाऊण बाटली स्किन टॉनिक

१२ मार्च १९५६
लिहिण्याचे कारण: जप्ती. नववीतल्या शैलाच्या दप्तरात गुलाबी पाण्याची विलायती बाटली सापडली. स्किन टॉनिक. तोंड धुऊन कापसाने लावायचे म्हणे. ही शाळा आहे की नाटक कंपनी, असे विचारले. रडली. बाटली मोठ्या बहिणीची. राधा नर्स आहे. एका पेशंटबाईने विलायतेला परतताना दिलेली. राधा गावी गेली म्हणून हिने न विचारता आणली. म्हणाली, बाई, ताई एक मेला येईल, मला घरात घ्यायची नाही. तीस एप्रिलला, निकालाच्या दिवशी, परत देईन, असे मी म्हटले. थेंब कमी होणार नाही, असा शब्द दिला. बाटली पाऊण भरलेली. लेबलवर पेन्सिलीने रेघ मारली.

१४ मार्च
विज्ञान शिकवते. अपाय होतो का ते तपासणे कर्तव्य. डाव्या गालाला लावले. झोंबते, म्हणजे गुण आहे. नंतर क्रीम लावा, असे लेबल म्हणते. क्रीम म्हणजे लाड. नाही लावले.

१५ मार्च
ड्रॉइंगच्या फिलोमिना म्हणाल्या, मिस, काय फ्रेश दिसता आज, झोप झाली वाटतं! झोप झाली नव्हती. पेपर घ्या तपासायला, म्हटले. बावीस वर्षांत या स्टाफरूममध्ये माझ्या चेहऱ्याबद्दल कोणी बोलले नव्हते. केवळ नोंद.

१६ मार्च
एकाच गालावरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय. दोन्ही.

२७ मार्च
पातळी रेघेखाली दोन बोटे. बाष्पीभवन. उन्हाळा आहे.

२ एप्रिल
मोर्च्यामुळे ट्राम बंद. परळहून गिरगावपर्यंत चालत. दमले. चेहरा तापला. दोनदा लावावे लागले. उद्यापासून बंद.

३ एप्रिल
परवापासून.

११ एप्रिल
नाकापाशी सालपटे. नवी कातडी येत असावी. हसले की गाल ओढतात. शिस्तीला बरेच. आया कमळाबाई म्हणाल्या, बाईनू, तोंडाक काय झालां? घंटा वाजवा, म्हटले.

२१ एप्रिल
बाष्पीभवन पूर्ण. फोर्टमध्ये तीन केमिस्ट. मॅडम, हा माल आता येतो कुठे, म्हणाले. गुलाबपाणी आणून भरले. रंग नाही. प्रयोगशाळेतल्या पोटॅशियम परमँगनेटचा एक कण टाकला. हुबेहूब. शब्द राहिला.

२९ एप्रिल
नमुना म्हणून लावले. परमँगनेटने हनुवटी तपकिरी. साबणाने जाईना. राधाही हे तोंडालाच लावणार. सगळे मोरीत ओतले.

३० एप्रिल
निकाल वाटला. शैला पास. वर्ग रिकामा झाल्यावर तिला थांबवले. बाष्पीभवनावर चार वाक्ये तयार होती. मी वापरले, एवढेच म्हटले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, बाई, वरून क्रीम नाही लावलंत? आणि दप्तरात हात घातला.
तिच्याकडे दिले: बाटली एक, रिकामी. राधाच्या नावे चिठ्ठी एक, दोष माझा, खाली सही.
मला मिळाले: क्रीमची डबी एक, अर्धी. तीही राधाचीच.
रेघ मारली नाही.