मॅडमच्या जागी

२ सप्टेंबर

आले एकदाची! बॅग अजून निम्मी भरलेलीच आहे, चादर घालायची आहे, आणि मी मात्र पलंगावर मांडी ठोकून वही उघडून बसले आहे, कारण मॅडमचा हुकूम. मॅडम म्हणजे आमच्या ग्रंथालयशास्त्र विभागाच्या. मी त्यांची लाडकी आहे, असं मी नव्हे, अख्खा वर्ग नाक मुरडून म्हणतो. पहिल्या कामावर रोज काय शिकलो ते लिहून ठेवावं, पुढे मुलाखतीत तेच उपयोगी पडतं, हा त्यांचा सल्ला. बाकीच्यांनी तो या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिला. मी त्याच संध्याकाळी वही आणली.

तर आज काय शिकले? ग्रंथालय इतकं देखणं असू शकतं, हे शिकले. एका जुन्या संस्थेची दगडी इमारत, छताला भिडलेली कपाटं, चाकांच्या शिड्या, वरच्या मजल्यावर जायला लोखंडी गोल जिना. मला राहायला अंगणापलीकडची खोली दिली आहे. वर्षभर काम पाहणार आणि मग कायम करणार. वर्गातल्या निम्म्या मुली या जागेवर टपून होत्या. मॅडमनी माझं एकटीचं नाव सुचवलं. बाबा गेले तेव्हाही याच बाईंनी मला जवळ घेतलं होतं. आईला सावरता सावरता मला रडायला जागाच उरली नव्हती, ती त्यांच्या खांद्यावर मिळाली. त्यांच्यासाठी मी काय वाटेल ते करीन.

ग्रंथपाल बुटके, स्वेटर घातलेले, फार हळू बोलणारे आहेत. त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत. पहिला प्रश्न मॅडमच्या तब्येतीचा. मी सांगितलं की हल्ली त्यांची बोटं फार आखडतात, खडू धरता येत नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत दाबून धरावा लागतो. त्यांनी मान डोलावली आणि आता आराम पडेल म्हणाले. बरं वाटलं मला.

घरी फोन केला. आईला शेजारपाजारी मिरवायला विषय मिळाला. दादाने विचारलं, पुस्तकांवरची धूळ झटकायला एवढं शिकावं लागतं का. म्हटलं, हो, आणि सुट्टीत येते तेव्हा तुझ्या डोक्यातलीही झटकते.

४ सप्टेंबर

इथली एक पद्धत भारी आहे. पुस्तक फळीवरून काढलं की त्याच्या जागी त्याच मापाचा लाकडी ठोकळा ठेवायचा. पुस्तक परत आलं की ठोकळा काढायचा. वर्गात हे शिकवलं होतं, पण बहुतेक ठिकाणी एवढा उपद्व्याप कुणी करत नाही. इथे मात्र रिकामी जागा म्हणजे पाप. आज एक पुस्तक काढून मी खिडकीपाशी चाळत उभी राहिले, तर ग्रंथपाल लगबगीने आले, आधी फटीत ठोकळा सरकवला आणि मगच माझ्याशी बोलले. त्यांचं म्हणणं असं की जागा मोकळी राहिली की शेजारची पुस्तकं कलतात आणि सगळी रांग बिघडते.

ठोकळे सुरेख घासलेले आहेत, उगीच हातात घेऊन बसावंसं वाटतं. फार जुने झाले की ते सुकून तडकतात. मग त्या जागी नवा आणतात आणि तडकलेला मागच्या खोलीत टाकतात. त्या खोलीला कुलूप असतं.

९ सप्टेंबर

चिमणीचा फोन आला. चिमणी म्हणजे होस्टेलवर माझ्या खोलीत राहायची ती. एक वर्ष मागे आहे, अंगाने एवढीशी, बडबड मात्र तिघींची. पुढे काय करावं या काळजीने तिची झोप उडाली आहे. मीही मोठ्या ताईचा आव आणून सल्ले दिले, सगळे मॅडमचेच. पहिल्या नोकरीत कशाला नाही म्हणू नये. कुणी करत नाही ते काम अंगावर घ्यावं. आपल्यावाचून तिथलं पान हलू नये इतकं उपयोगी व्हावं. एक मोठं माणूस धरावं आणि त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकावा. आणि आपण वर चढलो की मागच्याला हात द्यावा. चिमणी लगेच म्हणाली, मग दे की हात, मीच येते तिकडे. मी म्हटलं, ये, तुझ्यासाठी जागा बघते.

उंच ताईचीही आठवण निघाली. ती आमच्या पुढच्या वर्गातली. होस्टेलच्या जिन्यावरून पडून तिची हनुवटी फुटली होती, तेव्हा टाके घालून घ्यायला मीच तिच्याबरोबर गेले होते. मॅडम प्रत्येक व्याख्यानात तिचं उदाहरण देतात. तिला म्हणे परदेशात मोठ्या ग्रंथालयात काम मिळालं, आता मान वर करायला फुरसत नाही. म्हणूनच बहुतेक ती आमचे फोनही घेत नाही. शिष्ट झाली असणार, असं चिमणीचं मत पडलं.

१३ सप्टेंबर

मला बसायची पक्की जागा मिळाली. वरच्या मजल्यावर दोन कपाटांच्या मध्ये एक कोनाडा आहे, बरोबर एका माणसापुरता. त्यात स्टूल आणि लिहायला छोटी फळी. एवढी मोठी जागा तुम्ही मोकळी कशी राहू दिलीत, म्हणून मी ग्रंथपालांची फिरकी घेतली. ते म्हणाले, आता कुठे मोकळी आहे?

आज तिथे बसले ती एकदम संध्याकाळीच उठले. डबा तसाच राहिला. भूक कशी ती लागलीच नाही. सफाईच्या मावशींनी कपाट पुसता पुसता माझ्या पाठीवरून, खांद्यावरूनही फडकं फिरवलं. मला हसू आवरेना. मावशी हसल्या नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही, पुढच्या कपाटाकडे गेल्या.

१७ सप्टेंबर

कागद टाचताना टाचणी बोटात घुसली. मला कळलंच नाही. बघितलं तेव्हा ती अर्धी आत होती. रक्त नाही, दुखणं नाही. उपसून काढली तर मागे नुसतं कोरडं भोक. त्या बोटावर नखाने वाजवलं. टकटक आवाज आला.

मॅडमची बोटं आखडतात, आता माझीही. त्या काही माझ्या नात्यातल्या नाहीत की रक्तातून आलं म्हणावं.

घरी फोन लावला. आई नुसती हॅलो हॅलो करत राहिली. मी इकडून जीव तोडून बोलत होते. दादाने फोन घेतला, कुणी बोलत नाही म्हणाला आणि ठेवून दिला. त्यांचं सगळं मला स्वच्छ ऐकू येत होतं, मागे नळ चालू होता तोसुद्धा. फार रडू आलं. डोळ्यांतून पाणी आलं नाही.

२० सप्टेंबर

आज एक तडकलेला ठोकळा मागच्या खोलीत ठेवायला ग्रंथपालांनी मला किल्ली दिली. स्वतःहून दिली.

जुने ठोकळे रचून ठेवले आहेत. त्यांच्या पलीकडे भिंतीला टेकून काही उभं आहे, माझ्याहून उंच. मला आधी मोडक्या कपाटाचा खांब वाटला. हात लावला. वरचा भाग गोलसर. खाली दोन्ही बाजूंनी खाचा, कुणी हात अंगाशी घट्ट धरल्यासारख्या. आणि हनुवटी असती तिथे टाक्यांची खूण. लाकडात. मी त्या खुणेवरून बोट फिरवलं. ती जखम शिवताना मी शेजारी उभी होते, मी ती विसरेन कशी?

गळ्यापासून पोटापर्यंत उभा तडा गेला आहे.

उंच ताई परदेशात गेलेलीच नाही.

तिच्या मागे आणखीही आहेत. मोजायला थांबले नाही.

२१ सप्टेंबर

ग्रंथपालांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. चष्मा पुसत, ग्रंथालयाच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं.

मॅडम मूळच्या इथल्या. तरुणपणी इथे कामाला होत्या, त्याच कोनाड्यात बसायच्या. इथे जे एकदा राहिलं ते इथलं होतं, मग ते पुस्तक असो की माणूस. त्याला बाहेर जायचं तर त्याची जागा राखायला दुसरं कुणी हवं. मॅडमना बाहेर जायचं होतं. म्हणून त्यांनी आपली एक विद्यार्थिनी पाठवली. ती सुकली, तडकली, मग दुसरी. जागा राखणारी तडकली की मॅडमची बोटं आखडायला लागतात, त्यावरून त्यांना कळतं. उंच ताई या उन्हाळ्यात तडकली.

म्हणून मी. मी कुणी होतकरू नाही, हुशार नाही, लाडकी नाही. मी ठोकळा आहे.

केसाने गळा कापला माझा. बाबा गेले तेव्हा मी त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तेव्हाच माप घेतलं असेल का माझं?

२२ सप्टेंबर

मॅडमना फोन केला. आईला जात नाही तो माझा आवाज त्यांना स्वच्छ गेला. मी वाटेल ते बोलले. जन्मात कुणाला बोलले नव्हते ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या की आज त्यांनी फळ्यावर स्वतः लिहिलं, अक्षर पूर्वीसारखं आलं. उंच मुलगी फार चांगली होती, पण हट्टी. आपल्याऐवजी कुणाला पाठवायला शेवटपर्यंत तयार झाली नाही. तू तशी नाहीस, तू व्यवहारी आहेस, तू सुटशील, म्हणाल्या. तुझ्या शब्दावर डोळे झाकून येईल अशी एखादी असेलच. कुणीतरी कोनाड्यात बसलं की तू मोकळी. हा सल्ला त्या सगळ्यांना देत नाहीत म्हणे.

फोन ठेवताना विचारलं, वही लिहितेस ना?

इतकं प्रेमाने विचारलं की तोंडातून हो निघून गेलं.

२४ सप्टेंबर

पळून जायचं ठरवलं. फाटकापर्यंत पोचले. तिथून पाय पुढे पडेनात. दुखत नव्हते, वळतच नव्हते. मागे वळल्यावर मात्र चालता आलं.

आता कोनाड्याच्या कडेला उभीच असते. बसायला गुडघे मोडत नाहीत. ग्रंथपाल म्हणतात, सवय होईल. आवाज सर्वांत शेवटी जातो म्हणतात.

२६ सप्टेंबर

चिमणीचा निरोप आला आहे. परवा सकाळी येते. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, पण पोटात राहीना म्हणून कळवते आहे म्हणे. मॅडमनी तिची पाठ थोपटली. तू सांगितलंस म्हणून येते, असं लिहिलंय.

येऊ नकोस लिहायचं होतं. फोन माझं बोट ओळखत नाही. किती दाबलं. काच नुसती टकटक वाजते.

मावशींना सांगून पाहिलं. त्यांनी माझं तोंड पुसलं.

२७ सप्टेंबर

पेन बोटांच्या फटीत खोचून लिहिते आहे. अक्षर लागेल का कुणाला—

समोरच्याला ऐकू जाईल अशी एक हाक उरली आहे, ग्रंथपालांनीच सांगितलं. जपून ठेवली आहे. चिमणे, पळ. एवढंच म्हणायचं. दिवसभर मनात घोकलं.

मी मॅडम नाही. मी मॅडम नाही.

२८ सप्टेंबर, सकाळ

आली. खाली तिची बडबड ऐकू येते. माझं विचारते आहे. ते सांगताहेत, वर आहे—

जिना वाजतो आहे.

समोर उभी आहे. पाठीला बॅग. माझ्याकडे पाहिलं— नाही, नजर फळीवरून फिरते तशी फिरली. माझ्यासमोर उभी राहून मलाच शोधते आहे.

आता. आताच हाक मारायची.

ग्रंथपाल म्हणताहेत, ताई येईपर्यंत इथे टेक. कोनाड्यातलं स्टूल पुढे केलं. ते माझ्याकडे बघताहेत. गप्प बस असंही म्हणत नाहीत. नुसते थांबलेत.

ती बसली. तिचं डोकं माझ्या हाताला टेकलं. ऊबदार—

मला ऊब कळली!

करंगळी हलली. पेन धरता येतंय, नीट, स्वतःच्या हाताने. बघा अक्षर. आणि भूक, बापरे, किती भूक लागली आहे, पाणी हवं, आई हवी—

उंच ताईने केव्हाच हाक मारली असती.

मारते. चिमणीने बॅग खाली ठेवली. वही काढली. कोरी, नवी. वर तारीख घालते आहे. मध्येच बोटं चोळते आहे, गार पडलीत म्हणते—

अंगठा वळला. मनगटही.

मारतेच आहे हाक. हे वाक्य पुरं झालं की लगेच, चिमणे, शपथ, फक्त एवढा दुसरा हात तेवढा मोकळा होऊ दे, मग मी—