पाहुण्यांआधीचा फिल्टर

दादा,

मी नको म्हटलं तरी मला बघायला पाहुणे बोलावलेस, आणि मग तुला माशांच्या टाकीचा फिल्टर आठवला. दिवाळीपासून त्याला कोणी हात लावला नाय.

आधी प्लग काढ. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन फिल्टरातला स्पंज त्यात हलका पीळ. थोडा मळ राहू दे, त्याच्यावरच मासे तगतात. मागच्या पाहुण्यांच्या वेळी तू तो साबणाने चकाचक केलास. पाहुणे पोहे खाऊन गेले, आणि सकाळी मासे उलटे तरंगत होते. मुरबाडहून तसलेच नवे आणलेस, कोणाला कळलं पण नाय.

मी वैशाखरे गावाला मावशीकडे चाललेय. न्यायला येऊ नको.

रविवारी पाहुण्यांना मासे दाखव. घरात बघण्यासारखं तेवढंच उरलंय.

रेश्मा